तानुबाईंचा झाकलेला वेल

बीबी गावात एकोणीसशे बासष्ट साली प्रौढांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तानुबाई आणि मी एकाच पोत्यावर बसून अक्षरे शिकलो. आमची ओळख तेथली.

तानुबाईंच्या परसात वांगी, गवार, मेथी सर्व काही येई. परंतु त्यांचा जीव कोहळ्याच्या वेलात होता. माहेरच्या बियाण्यातले ते अखेरचे बी होते. त्या वर्षी एक तरी फळ पिकले नसते, तर ते वाण कायमचे गेले असते. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवले की ते कुजते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. श्रावणात पहिले फळ पिवळे पडून गळाले आणि तानुबाईंचा संशय थेट कुडापलीकडच्या जनकाबाईवर गेला. त्यांनी जुने लुगडे आणून संपूर्ण वेल झाकला. तरीही प्रत्येक फळ सुपारीएवढे होऊन गळतच राहिले.

"काऊन वं जनके, कुडातून बोट दाखवून राह्यली काय?"

"लुगड्याआडचं मले काय दिसते वं माय?" जनकाबाई हसली. "मले दिसत नाही, तसं भुंग्यालेही दिसत नाही. फुलावर भुंगा बसला नाही, त फळ कसं धरन?"

तानुबाईंनी लुगड्याची कड उचलून पाहिले. वेलावर आता दोनच कळ्या उरल्या होत्या. बोलणे पटत होते. बोलणारीवर मात्र विश्वास बसत नव्हता. अखेर त्या म्हणाल्या,

"जनके, हे लुगडं काढू लाग मले. पन बोटं मिटून ठेव."