पल्लवीचं कार्ड आणि आमच्या दिल्लीच्या बॅगा

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर! चौथी शिकलेली बाई विमानवाल्यांना भरलेले पैसे परत आणणार म्हटल्यावर आमच्या तिसगावच्या बचत गटात जी हसाहशी झाली, ती अजून माझ्या कानात आहे. आता त्याच बाया लग्नाकार्यात हे किस्से स्वतःचे म्हणून सांगत फिरतात. एक सांगायला बसावं तर त्याच्या मागून चार निघतात, आणि प्रत्येकीच्या तोंडी वेगळंच काहीतरी. म्हणून म्हटलं, एकदा मूळ मालकिणीकडून ऐका.

*

माझी सून पल्लवी पुण्याला कंपनीत आहे. तिच्याकडं एक भारीतलं क्रेडिट कार्ड. बँक त्याची दरवर्षी दणदणीत फी घेते. त्या बदल्यात विमानाचं तिकीट सोडून जो वरचा खर्च असतो, म्हणजे जादा सामान, खिडकीची सीट, विमानातलं खाणं, तो ठरावीक रकमेपर्यंत परत देते. अट अशी की वर्षाच्या सुरुवातीला एकच विमान कंपनी निवडायची. आणि डिसेंबर संपला की उरलेलं सगळं बुडालं!

मी विचारलं, "मग तू किती वापरलंस?"

"काहीच नाही, आई. वेळच मिळत नाही. मागच्या वर्षीपण तसंच गेलं."

"अगं, म्हशीला वर्षभर पेंड चारतीस, आन् धार काढायला वेळ न्हाई?"



*

त्याच वर्षी आमच्या गटाला दिल्लीच्या प्रदर्शनात पुन्हा स्टॉल मिळाला. आदल्या खेपेला आम्ही माल ट्रान्सपोर्टनं पाठवला होता. कुरडयांचा भुगा पोचला, आणि तोही प्रदर्शन उठताना! यंदाही तसंच झालं असतं तर स्टॉल कायमचा गेला असता. तिकिटं प्रदर्शनवाले देणार होते, सामानाचं आमचं आम्ही बघायचं.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, "माल आपल्यासंगं विमानातनंच न्यायचा. जादा सामानाचे पैसे पल्लवीच्या कार्डावर भरू. बँक परत देते."

आमच्या अध्यक्ष विमलवहिनी. त्या म्हणाल्या, "शकू, बँक कवापासनं तुझ्या माहेरची झाली गं?"

सगळ्या खिदळल्या. माझं डोकं फिरलं.

"न्हाई आले पैसे परत, तर भरपाई माझी! आन् गटाची खजिनदारकीबी सोडते!"

"समद्यांनी ऐकलं बरं का!" वहिनी म्हणाल्या.

*

पुढं काय झालं, तर प्रदर्शनवाल्यांनी तिकिटं पल्लवीनं निवडलेली सोडून दुसऱ्याच विमान कंपनीची काढायला घेतली. मी लावला फोन.

तिथले साहेब म्हणाले, "बाई, हे विमान काय नि ते विमान काय, दोन्ही दिल्लीलाच जातात."

"साहेब, सोयरीक ज्या घरात ठरलीय, वऱ्हाड त्याच दारात जाणार!"

साहेबांना काय कळलं देव जाणे. पण संध्याकाळपर्यंत तिकिटं आमच्या कंपनीची झाली!

*

विमलवहिनींचे मालक कांद्याचे व्यापारी. त्यांच्याच काट्यावर आम्ही सगळ्या बॅगा वजन करून घेतल्या. त्यांनी जो आकडा सांगितला, तेवढ्याचेच पैसे पल्लवीनं आधी भरले.

पुण्याच्या विमानतळावर बघतो तर प्रत्येक बॅग जास्त भरली! वहिनींचा चेहरा पडला. म्हणाल्या, "चटणीच्या बॅगा पल्लवीकडं ठेवून जाऊ."

"मग दिल्लीला काय आपली तोंडं विकायची का?"

पल्लवी आम्हाला सोडायला आली होती. तिनं मोबाईलवर बघितलं. म्हणाली, "आई, कार्डावर अजून जागा आहे."

काउंटरवरची पोरगी भली होती बिचारी. "मावशी, इथं भरलं तर रेट जास्त पडतो," म्हणाली.

"बँक भरणार हाय, बाई. तू कशाला जीव जाळतीस? लाव मशीन!"

*

आमच्या ताराबाईला खिडकीच पाहिजे होती. घेतली, कार्डावर. विमान उठलं तशी तिनं खाडकन झाकण ओढलं आणि डोळे मिटून बसली.

"अगं तारे, खिडकीचे येगळे पैसे भरलेत!"

"परत येणारेत ना? मग राहू दे बंद!"

गटात माझ्यावर विश्वास ठेवणारी ही पहिली बाई!

*

दिल्लीत शेंगदाण्याची चटणी प्रदर्शन संपायच्या आधी संपली. कुरडई एकसुद्धा मोडली नव्हती. पुढच्या वर्षाचा स्टॉल तिथल्या तिथं पक्का झाला.

पण माझा जीव पैशांत अडकलेला. दिवस जात होते, पैसे येत नव्हते. वहिनी रस्त्यात भेटल्या की नुसत्या हसायच्या. आणि ऐन मीटिंगमध्ये पल्लवीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आई, सगळे आले! सामानाचे, काउंटरवर भरले ते, ताराकाकूंच्या खिडकीचेसुद्धा!"

मी फोन वहिनींच्या मांडीवर ठेवला. "ऐका पुन्हा एकदा!"

हार मानतील तर त्या विमलवहिनी कसल्या! "आले, खरं हाय. पर वजन वाढलंच कसं? मापून नेलेल्या बॅगा! शकूनंच वाटेत कायतरी कोंबलं आसणार!"

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठले, शेजारच्या दुकानातून वहिनींच्या मालकांना बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

"भाऊजी, काट्यावर जे आलं, तेच सांगितलंत ना?"

"म्हंजे काय! गोणीमागं किलो सोडून, रोजच्यावाणी. रिकाम्या बारदानाचं वजन कोण धरतंय?"

"विमानवाले धरतात, भाऊजी."

तीस वर्षांच्या संसारात वहिनींनी नवऱ्याला "आमचे हे" सोडून दुसरं काही म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. हळदीकुंकवातसुद्धा चार ओळी जुळवल्याशिवाय नाव नाही!

मी म्हटलं, "आता बोला, अध्यक्षीणबाई. चूक कुणाची?"

वहिनींनी पदर खोचला. उखाणा नाही, काही नाही. मालकांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या,

"रंगनाथची!"