म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला

यशोधरा वाघंबरे या बाईला बसलेलं पाहिलंय, असं लोणीच्या पंचक्रोशीत कुणी शपथेवर सांगणार नाही. उपकेंद्रात तिच्या नावाची एक खुर्ची आहे, तिच्यावर बाराही महिने लसीचा डबा बसतो. वय एक्कावन्न, आरोग्यसेविकेची नोकरी चोवीस वर्षांची, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण पाय काही ऐकत नाहीत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ही ते पुरं करते आणि पुढचा प्रश्न विचारते. कुणाच्या घरात दोन चुली झाल्या, कुणाची सून माहेरी का बसली, कोण कुणाकडे बघत नाही, हे तिला सरपंचाच्या आधी कळतं. दुसऱ्या एखाद्या बाईनं हेच केलं असतं, तर लोकांनी तिला चुगलखोर म्हटलं असतं. हिला सरकार पगार देतं आणि त्याला रोगसर्वेक्षण म्हणतं.

दर आठवड्याला अहवाल भरायचा. ताप किती, जुलाब किती, कावीळ किती, कुत्रा चावलेले किती. काही केंद्रांवरून वर्षभर 'निरंक' जातं, म्हणजे कुणाला काहीच झालेलं नाही. यशोधराला या शब्दाचा भारी राग. "निरंक म्हणजे एक तर गाव स्वर्गात गेलं, नाहीतर सिस्टर माहेरी," असं ती बैठकीत साहेबांसमोर म्हणाली होती. साहेब हसले आणि तिला जास्तीची दोन गावं जोडून दिली.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तिला गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. मळ्यातल्या सावळेरामची म्हैस सकाळी गेली होती. लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता, मागचे पाय लुळे पडले होते. "सगळी लक्षणं पिसाळल्याची आहेत. मेंदूचा नमुना पुण्याला पाठवतोय, पण तुम्ही रिपोर्टची वाट बघू नका," डॉक्टर म्हणाले. दीड महिन्यापूर्वी एका भटक्या कुत्र्यानं त्या म्हशीचं नाक फोडलं होतं. सावळेरामनं जखमेला हळद लावली आणि विषय मिटवला.

इथवर ठीक होतं. पण ही म्हैस सहा दिवसांपूर्वी व्याली होती. आता व्यालेल्या म्हशीचा चीक कुणी एकट्यानं खातं का? सावळेरामची बायको बयाबाई तांब्या घेऊन घरोघर फिरली होती. चीक कुणाला दिला, कुणाला टाळला, कुणाच्या तांब्यात दोन बोटं कमी भरली, यावर मळ्यातल्या बायकांचे चार दिवस मजेत गेले होते. आता त्याच चिकाचा खरवस सगळ्यांच्या पोटात होता, आणि म्हैस पिसाळून मेल्याची बातमी मोबाईलवरून लोणीच्या बाजारापर्यंत पोचली होती.

बुधवारी सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर शंभराच्या वर माणसं. आशाताई स्नेहल वही घेऊन नावं लिहीत होती. बयाबाईनं सांगितलं, चीक एकतीस घरांत दिला. स्नेहलच्या वहीत त्रेचाळीस घरं झाली. बारा घरांनी न खाल्लेला खरवस खाल्ला होता. आपल्याला वगळलं हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा दंडात सुई टोचून घेतलेली परवडली. एक म्हातारी मात्र खरं बोलली. "आमाला चीक न्हाई दिला तो न्हाई दिला, आता इंजेक्शनातबी मागं ठेवता का?"

यशोधरा ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत एकच सांगत होती. "खरवस उकडलेला होता ना? मग काही होत नाही. दूध तापवून प्यायलात ना? मग काही होत नाही. म्हशीची लाळ अंगावरच्या जखमेला लागली असेल, कच्चं दूध प्यायला असाल, तरच इकडं या." कच्चं दूध फक्त सावळेराम प्यायला होता, तांब्याला तोंड लावून, नेहमीसारखं. त्याला तिनं पहिला डोस दिला. बाकीचे नाराज होऊन घरी गेले.

दुपारी गुरांचे डॉक्टर नमुन्याचे कागद द्यायला आले आणि जाता जाता बोलले, "सिस्टर, एक राहिलंच. मी तोंड उघडलं तेव्हा जिभेवर तेल होतं. माझ्या आधी कुणीतरी आत हात घातलाय. म्हैस गिळत नाही, लाळ गाळते, म्हणून घशात काही अडकलं असं वाटतं लोकांना. तो माणूस बघा. म्हशीच्या दाढा वस्तऱ्यासारख्या असतात."

यशोधरा चालता चालता थांबली. चोवीस वर्षांत तिनं एकदाच पिसाळलेला माणूस पाहिला होता आणि पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती. लक्षणं दिसण्याआधी लस दिली तर माणूस वाचतो. एकदा दिसली की डॉक्टर, देव, दवाखाना, कुणाच्याच हातात काही राहत नाही. मधे दिवस किती मिळतात, हे कुणी सांगू शकत नाही. कुणाला तीन महिने, कुणाला तीन आठवडे. शंभर माणसं सुई मागत होती आणि जिला शोधायचं ती एक असामी रांगेत आलीच नव्हती.

तिनं स्कूटी थेट मळ्यात घातली. सावळेराम म्हैस पुरलेल्या खड्ड्यावर चुना टाकायला गेला होता. बयाबाई एकटीच भाकरी थापत होती.

"बयाक्का, म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला?"

"मीच घातला," बयाबाई म्हणाली. परातीवरची नजर वर उचलली नाही. "द्या काय टोचायचं ते."

यशोधरानं टोचलं. लाळ पुसायला हीच होती, तिला लस हवीच होती. पण टोचता टोचता तिनं हात बघून घेतला. भाचीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा, मनगटाला घट्ट बसलेला, एक बांगडी पिचलेली नाही. असा हात म्हशीच्या घशात गेला असता तर काच म्हशीच्या पोटात निघाली असती.

"चुडा काढून ठेवला होतास का?"

"व्हय."

"साबणानं निघतो तरी का तो?"

बयाबाईनं भाकरी उलटली. ती करपली होती.

यशोधराला मग नाव विचारायची गरज उरली नाही. मळ्यात अडलेलं वासरू काढायचं असो की गाईच्या घशातलं कणीस, हात एकाच माणसाचा चालतो. भिका. सावळेरामचा चुलत भाऊ, घर साठ पावलांवर, मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. हे कुंपण नऊ वर्षांपूर्वी सावळेरामच्या मुलीच्या लग्नात उभं राहिलं. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत भिकाचं नाव अकराव्या नंबरावर छापलं गेलं, नवरदेवाच्या मामाच्या मेव्हण्याच्याही खाली. भिकानं भर मांडवात सांगितलं, याच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. सावळेराम म्हणाला, तू माझ्या गोठ्यात दिसलास तर दावणीची सगळी जनावरं विकून टाकीन. तेव्हापासून दोघं एकमेकांची सावलीसुद्धा ओलांडत नाहीत. एकतीस घरांच्या यादीत साठ पावलांवरचं हे घर नव्हतं, आणि तेवढं एक नाव तिनं का विचारलं नाही, म्हणून यशोधरा स्वतःवरच चिडली.

ती कुंपणाला वळसा घालून गेली. भिका अंगणात शेंगा निवडत बसला होता. डोक्यावर टळटळीत ऊन आणि अंगात लोकरीचा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"थंडी लई पडलीय का, भिकाभाऊ?"

"पडलीया थोडी."

"फक्त हातालाच?"

भिका शेंगा निवडत राहिला, डाव्या हातानं. "सिस्टर, मी त्याच्या गोठ्यात गेल्याला न्हाई. नऊ वर्सं झाली. गावाला इचारा."

"गावाला विचारून झालंय. गावानं न खाल्लेला खरवस खाल्लाय. मी तुम्हाला विचारतेय."

"भाऊबंदांच्या भांडणात तुमी पडू नका."

"मी भांडणात नाही पडत, तुमच्या हातात पडतेय. बाही वर करा."

त्यानं केली नाही. यशोधरानं त्याला सगळं सांगितलं, पाण्याचा घोट घशाखाली न उतरण्यापासून शेवटापर्यंत, काही मऊ न करता. भिकाचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "मी गेलोच न्हाई, तर मला काय व्हनार?" जबरदस्तीनं टोचायचा अधिकार तिला नव्हता.

पुन्हा बयाबाई. पुन्हा भिका. साठ पावलं जायची, साठ यायची. कुंपणाच्या काट्यानं तिच्या साडीचा काठ दोनदा फाटला. मळ्यातल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरला एवढी येरझार घालताना पाहून त्यांनी आपापल्या परीनं तीन वेगवेगळ्या भानगडी जुळवल्या, त्यातली एक तर फारच रंगतदार होती, पण ती इथं नको.

चौथ्या फेरीला बयाबाई फुटली. सोमवारी सावळेराम डॉक्टरांना आणायला गेला होता. म्हैस दावं तोडायला बघत होती, घोगरी ओरडत होती. बयाबाईला राहवलं नाही. तिनं कुंपणापलीकडे नुसतं "भावजी" म्हटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि भिका काटे तुडवत आला. तेल चोळून कोपरापर्यंत हात घातला. काही सापडलं नाही. हात बाहेर आला तो सोललेला, रक्ताळलेला. जाताना त्यानं एवढंच बजावलं, दादाला कळू देऊ नका.

"आता मी नाव घेतलं तर हे कुऱ्हाड घिऊन जातील त्याच्यावर," बयाबाई म्हणाली.

"नाही घेतलंस तर दोघं मिळून त्याच्या मातीला जाल. मग तिथं काय सांगशील नवऱ्याला?"

सावळेराम तेवढ्यात आला. हातपाय धुतले, जेवायला बसला. बयाबाईनं करपलेली भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. यशोधरा दारात, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. सावळेरामचा घास तोंडातच राहिला. मग त्यानं तो चावला, गिळला.

"किती आत घातला व्हता?"

"कोपरापतुर."

"रगात आलं?"

"आलं व्हतं."

तो ताटातच हात धुऊन उठला. यशोधरा त्याच्या मागोमाग धावली. तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे दहा हातांवर भिका. सावळेरामनं तोंड यशोधराकडे केलं.

"सिस्टर, त्या माणसाला सांगा, मी गाडी काढतोय."

भिकाही यशोधराकडेच बघून बोलला. "सिस्टर, त्या माणसाला सांगा, मी यस्टीनं जाईन."

"त्याला सांगा, यस्टी कवाच गेली."

"त्याला सांगा, मी त्याच्या गाडीव बसत न्हाई."

"अहो, तो तिथंच आहे, मी काय ग्रामपंचायतीचा भोंगा आहे?" यशोधरा करवादली.

सावळेराम कुंपणाच्या आणखी जवळ सरकला. "सिस्टर, त्याला सांगा, म्हस माझी व्हती. त्याला काय झालं तर लोक म्हनतील, सावळेरामच्या म्हशीनं मानूस मारला. माझ्या नावाला बट्टा लावायचा असंल तर बस म्हनावं घरी."

हे कारण भिकाला पटलं. भावाच्या उपकारासाठी तो गेला नसता, पण भावाच्या अब्रूसाठी जायला हरकत नव्हती. त्यानं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत चार ओरखडे, दोन खोल, कडा लाल झालेल्या. यशोधरानं तिथंच साबण मागवला आणि नळाखाली मोजून पंधरा मिनिटं तो हात धुतला. पहिला डोस दोन्ही दंडांवर दिला. जखमेत भरायचं औषध मंचरच्या मोठ्या दवाखान्यातच मिळणार होतं, म्हणून दोघांना गाडीवर घातलं. एका सीटवर बसून दोघांत एवढं अंतर राखणारी माणसं त्या रस्त्यानं पूर्वी पाहिली नव्हती. मागं स्कूटीवर यशोधरा, कारण वाटेत कुणी उतरला तर?

मंचरच्या अलीकडे फाट्यापाशी गाडी थांबली, तेव्हा तिला भिकाचा आवाज ऐकू आला. या खेपेला त्यात सिस्टर नव्हती.

"जाताना लई तडफडली का रं ती?"

सावळेराम समोर बघत होता. "न्हाई. निवांत गेली."

म्हशीनं खुंटा उपटला होता आणि गोठ्याचा पत्रा वाकवला होता, हे यशोधरानं स्वतः पाहिलं होतं.

पुण्याचा रिपोर्ट शनिवारी आला. म्हैस पिसाळलेलीच होती. तिसरा दिवस, सातवा दिवस, अठ्ठाविसावा दिवस, उरलेल्या तिन्ही डोसांना सावळेरामनंच भिकाला उपकेंद्रात आणलं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायचे. बोलायचे फार नाहीत, एकदा तर पहिला कोण जाणार यावरून पुन्हा जुंपली. कुंपण आहे तिथंच आहे. पत्रिकेचा विषय अजून निघालेला नाही आणि निघाला तर काय होईल, यावर मळ्यात दोन मतं आहेत.

कागदावर काम संपलं. अहवालात आकडा गेला, शेजारी 'उपचार पूर्ण' असं लिहून. साहेबांनी शाबासकी दिली. पण यशोधराच्या पायांना ते कळलं नाही. औषध वेळेवर गेलं, जखम भरली, हे सगळं खरं, तरी पहिले दोन दिवस भिकानं स्वेटरात घालवले होते आणि त्या दोन दिवसांचा हिशेब तिच्या डोक्यातून जात नव्हता. फेब्रुवारी गेला, मार्च लागला, ती आठवड्यातून दोनदा तरी वाट वाकडी करून त्याच्या अंगणात यायचीच.

"सिस्टर, च्या घ्या," भिका म्हणायचा.

"आधी तुम्ही पाणी प्या. माझ्यासमोर. पूर्ण तांब्या."

तो मुकाट्यानं प्यायचा, ती त्याच्या घशाकडे टक लावून बघायची. एका सकाळी त्यानं तांब्या रिकामा केला, ओठ पुसले आणि विचारलं, "आन पानी पिऊन पिऊन पोट फुटून मेलो, तर कुठल्या रकान्यात लिवनार मला?"

यशोधरा हसली का, ते कळायला मार्ग नाही. खालच्या वस्तीत दोन घरांत एकाच वेळी ताप निघाल्याचं तिला नुकतंच कुणीतरी सांगितलं होतं, आणि भिकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं स्कूटीला किल्ली लावली होती.