बिल्लेवाली बायडाबाई

डोकमर्डीच्या चाळीत बायडाबाई दोन होत्या. एक भाजी विकायची, ती भाजीवाली. दुसरी खेरडीच्या रस्त्यावरच्या पेनांच्या कंपनीत दाराशी खुर्ची टाकून बसायची, ती बिल्लेवाली. ही गोष्ट दुसरीची. पण बिल्ला म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला त्याचं महत्त्व कळायचं नाही, आणि आतल्या साठ बायकांना ते दिवसातून दहा वेळा कळायचं.

पॅकिंगच्या हॉलमध्ये त्या साठ जणी सकाळी सात ते दुपारी चार पेनात रिफिल घालायच्या, टोपणं दाबायच्या, पाकिटं भरायच्या. संडास अंगणापलीकडे, शेडच्या मागे, सगळ्या बायकांसाठी एकच. जिला जायचं असेल तिने दाराजवळच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला मागून घ्यायचा, जाऊन यायचं आणि बिल्ला परत द्यायचा. एक आत आली की दुसरी बाहेर. जेवणाच्या सुट्टीआधी एकदाच आणि नंतर एकदाच, दहा मिनिटांच्या वर नाही. हा नियम मुंबईहून येणाऱ्या शेठने केला होता. शेठच्या ऑफिसला लागून त्याचा स्वतःचा संडास होता, पांढऱ्या टाइल्सचा, आणि तिथे बिल्ला लागत नव्हता.

बायडाबाई आणि तिचा नवरा चिंधा सत्याऐंशी साली शहाद्याकडून इथे आले. चिंधा किलवणीला एका सुताच्या कंपनीत वॉचमन लागला आणि ही पेनं भरायला बसली. पाच वर्षांत तिने बिल्ल्याला एकदाही हात लावला नाही. गावाकडे पहाटे अंधारात एकदा ओढ्याकडे जाऊन यायचं, की दिवसभर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, अशा वळणात वाढलेली बाई ती. भर दिवसा साठ जणींसमोर उठून हात पुढे करायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेठच्या हे लक्षात आलं. त्याने एक दिवस तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत सांगितलं की काम कसं करावं ते या बाईकडून शिका, ही जागची हलत नाही. पुढच्याच महिन्यात दाराजवळ लोखंडी खुर्ची आली, खुर्चीच्या वर पंखा आला आणि बिल्ला बायडाबाईच्या ताब्यात आला.

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि का चढू नये? जन्मात कुणी तिला चार माणसांत चांगलं म्हटलं नव्हतं. ती नियमाला घट्ट राहिली. कुणी दुसऱ्यांदा मागितला की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करायची. कुणी रडकुंडीला आली की म्हणायची, मीही बाईच आहे ना, मी कशी बसते? मग मागणारी टेबलाकडे परत जायची. सुपरवायझर भास्कर वरून अधूनमधून आठवण करून द्यायचा, की टेबल रिकामं राहिलं की माल मागे पडतो, आणि तुमच्याच्याने होत नसेल तर खुर्चीवर दुसरी बसेल. दुसरी बसली म्हणजे बायडाबाईला टेबलावर परत जाता येणार नव्हतं, कारण तिची जागा केव्हाच भरली होती. ती जागा बायडाबाईनेच आपल्या भाचीला मिळवून दिली होती. भाचीचं नाव सोनम. बहीण गेल्यावर बायडाबाईने तिला इकडे आणलं, कामाला लावलं, आणि लग्न लावून चाळीतल्या शेजारच्याच खोलीत नांदायला पाठवलं.

त्र्याण्णवच्या थंडीत बायडाबाईचं दुखणं सुरू झालं. चाळीत चाळीस खोल्या आणि संडास सहा. कंपनीचा टेम्पो सव्वासहाला नाक्यावर यायचा. रांगेत नंबर लागला तर लागला, नाहीतर तसंच टेम्पोत चढायचं आणि दुसऱ्या पहाटेवर ढकलायचं. असे कधी दोन दिवस जायचे, कधी तीन. अशाच एका तिसऱ्या दिवशी पहाटे तिला आत काच चिरत गेल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. फरशीवर लाल थेंब पडले होते. बाहेरची बाई दार वाजवत होती, तरी बायडाबाईने आधी दोन डबे पाणी ओतून ते थेंब घालवले आणि मगच ती बाहेर आली.

मूळव्याध झाली, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. आपल्याकडे त्या जागेच्या सगळ्या दुखण्यांना ते एकच नाव आहे. मग तिने एक शहाणपणा केला, आणि तो शहाणपणाच तिला भोवला. जितकं खाऊ तितकं बाहेर काढावं लागणार, तेव्हा खाणंच कमी करावं, असं तिने मनाशी धरलं. दोन भाकरींची अर्धी केली. भाजी सोडली. पाणी तर ती आधीच घोटभर प्यायची, आता नुसते ओठ ओले करायची. त्यामुळे जे व्हायचं ते जास्तच कडक झालं, आणि चीर बुजायला आली की पुन्हा उलायची. मग भीतीच बसली. पोटात हाक आली की ती दात आवळून दाबून टाकायची. आज नको, उद्या, असं करता करता परवा उजाडायचा, आणि परवाचे हाल विचारू नका.

हालांची खरी वेळ नंतरची असे. आटपून आली की आग सुरू व्हायची ती दोन-तीन तास शमायची नाही, आणि ते दोन-तीन तास तिला नेमके त्या लोखंडी खुर्चीवर काढायचे असत. ती एका मांडीवर भार देऊन तिरकी बसायची, मग दुसऱ्या मांडीवर. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर घड्याळावर. बायकांना वाटलं, बाईला तोरा चढला. जेवणाच्या सुट्टीत त्या तिच्या तिरक्या बसण्याची नक्कल करून हसायच्या. बायडाबाईने ते एकदा पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तोरा म्हणतात तर म्हणू देत, खरं कारण कळण्यापेक्षा ते बरं.

चिंधाला तिने नुसतं उष्णता झाली म्हणून सांगितलं. त्याने बाजारातून कसलीशी मुळी आणून तिच्या कमरेला बांधली, एरंडेल पाजलं. एरंडेलाने एक दिवस असा काही गेला की तिने पुन्हा त्या बाटलीकडे पाहिलं नाही. नाक्यावरच्या भिंतीवर मूळव्याध मुळासकट घालवणाऱ्या एका डॉक्टरची जाहिरात रंगवलेली होती. एका रविवारी ती त्याच्या पायरीपर्यंत जाऊन आली. आत पुरुष बसला होता, वर्तमानपत्र वाचत. हे त्याला दाखवायचं, या नुसत्या विचाराने तिचे कान तापले आणि ती तशीच परत फिरली.

कंपनीत उपाय हाताशी होता. बिल्ला तिच्याच ताब्यात होता. दुपारी हाक यायची तेव्हा उठून गेली असती तरी निम्मं दुखणं हटलं असतं. पण ती उठली की साठ माना वर झाल्या असत्या. जी जागची हलत नाही म्हणून खुर्ची मिळाली, ती हलली तर खुर्ची कशाची? रस्ता चारही बाजूंनी तिने स्वतःच बंद करून घेतला होता, आणि आत तीच बसली होती.

होळीच्या सुमाराला सोनम दाराशी आली. जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती, आणि तिचा एक फेरा होऊन गेला होता.

"मावशी, बिल्ला दे ना."

"आताच तं जाऊन आली तू."

"तवा नही झालं. दहा मिनिटं भरत आली व्हती. आता जानं शे."

बायडाबाईच्या स्वतःच्या अंगात त्या वेळी आग पेटलेली होती. वर भास्कर जिन्यावर उभा राहून बघत होता. आपल्या भाचीला सोडली असं कुणी बोलायला नको, हाही विचार होताच. तिने घड्याळाकडे बोट केलं. सोनम टेबलाकडे परत गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. रोज ती यायची, हळू आवाजात मागायची आणि परत जायची. पावसाळ्याच्या तोंडाशी तिने मागणं बंद केलं. बायडाबाईला बरं वाटलं. चिंधाला ती म्हणालीसुद्धा, की पोरगी आता शहाणी झाली.

श्रावण लागला तेव्हा बायडाबाईचं लुगडं सैल होऊ लागलं होतं आणि गालांची हाडं वर आली होती. एका सकाळी धुणं भिजवताना चिंधाच्या हाताला डागांचं फडकं लागलं. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. फडकं बादलीच्या काठावर ठेवून तो म्हणाला, "आज कामावर जायाचं नही. सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर येती. मी सोबत येतो." ती नाही म्हणाली, खुर्ची जाईल म्हणाली. चिंधा म्हणाला, मग जाऊ दे, खुर्चीपायी बायको जायला नको. एवढं तो लग्नापासून कधी बोलला नव्हता.

लेडी डॉक्टर मृणाल मुंबईहून बदली होऊन आलेली तिशीची बाई होती. बायडाबाईने आधी पोट दुखतं म्हणून सांगितलं, मग कंबर. डॉक्टरणीने तिचं बोलणं ऐकता ऐकता तिचं बसणं पाहिलं आणि चिंधाला बाहेर थांबायला सांगितलं. मग पडदा ओढला. पडद्याआड बायडाबाई भिंतीकडे तोंड करून रडली, पण ते दुखण्याने कमी आणि सुटल्यासारखं वाटल्याने जास्त. डॉक्टरणीने नुसतं बघितलं, फार हात लावला नाही. ही मूळव्याध नाही, असं तिने समजावून सांगितलं. कातडीला चीर पडली आहे, हिवाळ्यात टाचेला भेग पडते तशी, आणि रोज ताण बसून ती रोज उघडते आहे. उपाय साधा होता. पसरट टबात सोसेल इतकं गरम पाणी घेऊन आटपल्यावर दहा-पंधरा मिनिटं त्यात बसायचं. मलम लावायचं. रात्री इसबगोल, पोटभर जेवण, पालेभाजी, आणि दिवसभर भरपूर पाणी. दोन महिन्यांत भरून येईल. नाही आलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवते, असंही ती म्हणाली.

"आणि हाक आली की लगेच जायचं. दाबून धरायचं नाही. बाकीचं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका."

डॉक्टरणीने कामाला कुठे जाता ते विचारलं. पेनांची कंपनी म्हटल्यावर तिने लिहिणं थांबवलं.

"दिवाळीपासून तुम्ही तिथल्या सातव्या," ती म्हणाली. "सगळ्या तरण्याताठ्या बायका, सगळ्यांचं हेच. तुम्हाला वेळेवर जाऊ देत नाही कोण तिथे?"

बायडाबाईला सांगता आलं असतं की शेठ. भास्करचं नावही घेता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. पण तिच्या जिभेवर ती नावं आलीच नाहीत. ती मलमाची नळी घट्ट धरून उठली आणि बाहेर आली. परतताना तिने चिंधाला वाटेत कुठेच थांबू दिलं नाही. सहा जणी कोण असतील ते ती चालता चालता मोजत होती. कोण कधी दाराशी आली होती, कोण कशी परत गेली होती, एकेक चेहरा तिला आठवत होता.

घरी टब नव्हता. कपडे भिजवायचा टब सोनमकडे आहे हे तिला माहीत होतं, म्हणून संध्याकाळी सोनम कामावरून आल्यावर ती दवाखान्याची पिशवी हातात घेऊनच शेजारच्या खोलीत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळत होतं आणि मोरीत तो टब आधीच मांडलेला होता. फळीवर आरशाजवळ मलमाची नळी होती, बायडाबाईच्या पिशवीत होती तीच, आणि बाजूला इसबगोलाचा डबा. सोनम गार पाण्याची कळशी हातात घेऊन उभी होती. मावशीला पाहून तिने कळशी खाली ठेवली आणि पदर सावरला.

बायडाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"माले काबरं सांगितलं नही?"

सोनमला या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. रागाचा लवलेश तिच्या तोंडावर नव्हता, आणि तेच बायडाबाईला सोसलं नाही.

"रोज तुलेच तं सांगत व्हते, मावशी."

पातेल्यातलं पाणी उतू जाऊ लागलं तेव्हा सोनमने स्टोव्ह बारीक केला. बायडाबाई म्हणाली, उद्यापासून माग, केव्हाही माग, मी देते. सोनमने विचारलं, मग तुझी खुर्ची? भास्कर दोन दिवसांत दुसरीला बसवील, आणि ती दुसरी तरी देणार आहे का? हातातली पिशवी लपवायचंही बायडाबाईला भान राहिलं नव्हतं. पिशवीच्या तोंडातून डोकावणारी नळी सोनमला दिसली, आणि मग तिने मावशीकडे, तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे, एका पायावर भार देऊन उभं राहण्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

पातेलं फडक्याने धरून तिने सगळं पाणी टबात ओतलं, त्यात गार पाणी मिसळलं, बोट बुडवून अंदाज घेतला आणि मोरीचा पडदा बाजूला केला.

"तू बस पहिले, मावशी," ती म्हणाली. "मी थांबस. माले सवय शे."