छत्रीच्या काडीची कोरणी

आमच्या घरात छत्री लागते ती मोडायला. छत्रीच्या काडीला आतून पन्हळ असते. ती बोटभर कापून टोक कानशीने घासलं, तापवून तेलात बुडवलं आणि लाकडी मुठीत ठोकलं की गव्हाच्या दाण्याएवढं वळण काढणारी कोरणी तयार होते. नवऱ्याने अशा पाच-सहा करून ठेवल्यात. बाजारातली बारीक पटाशी तिच्यापुढे फावडं वाटते.

मांजरसुंबा गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं सुतारकामाचं शेड आहे. नवऱ्याची नक्षी बघून लोक लांबून काम घेऊन येतात. दोन वर्षांपासून मात्र त्यांचा उजवा हात थरथरतो. रंधा-करवत ते अजून चालवतात, बारीक काम मी करते. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त कोरण्यांना धार लावायची; धार बघायला फळीच्या तुकड्यावर पानंफुलं काढता काढता हात बसला. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कळू द्यायची नाही, हे मीच ठरवलं होतं. त्यांचं नाव गेलं तर काम कोण देणार? कोणी डोकावलं की कोरणी पदराखाली आणि खराटा हातात. या सोंगाची मला मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

यंदा दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याने नव्या घराची सागवानी चौकट सांगितली, वर गणेशपट्टीसह. त्यांना तोडीवर न्यायला ट्रक यायच्या आत चौकट उभी करायची, भिंती नंतर त्या बाईचा दीर बांधून घेणार. चौकटीच्या पूजेच्या आदल्या दिवशी गणपतीचे फक्त डोळे राहिले होते. डोळे आम्ही शेवटी काढतो.

"आज मीच काढतो," नवरा म्हणाला.

कोरणीचं टोक लाकडापासून बोटभर वरच नाचायला लागलं. त्यांनी कोरणी लाकडाला लावलीच नाही. माझ्यापुढे केली. मला रडू येत होतं, म्हणून मी चिडून म्हणाले, "सरका तिकडं, उजेड अडवू नका."

एवढ्या बारीक कोरणीला ठोकायचं नसतं, नुसतं तळव्याने लोटायचं. पण मूठ त्यांच्या पंजाच्या मापाची, माझी बोटं पुरी फिरेनात. जरा जोर जास्त झाला, कोरणीचा कोपरा लाकडात रुतला आणि डाव्या पापणीचा टवका उडाला. शेवटी दोन्ही पापण्या खाली ओढून घेतल्या. गणपतीला जेवणानंतरची डुलकी लागल्यासारखं दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी चौकट उभी राहिली. रिवाजाप्रमाणे सुताराला पाटावर बसवून टोपी-उपरणं दिलं. घरधनीण मात्र मान वर करून गणपतीकडेच बघत होती.

"लई निवांत बसलाय देव," ती म्हणाली. "आमच्या घरात कुनीतरी असं बसाया पायजे. डोळं लई झ्याक काढलेत, दादा."

"डोळं हिनं काढलेत," नवरा म्हणाला. "दोन वर्षं झाली, बारीक काम हिचंच हाय."

सगळे माझ्याकडे वळले. कुठे बघावं ते मला कळेना. त्या बाईने पूजेच्या ताटातला खण-नारळ उचलला आणि माझी ओटी भरली.

घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी भांडले. "कशाला सांगितलं तुमी? आता लोक काय म्हनतील?"

"हात थरथरतो माझा," ते म्हणाले. "जीभ न्हाई."



सकाळी शेडमध्ये गेले तर लेकीने गेल्या महिन्यात आणलेली नवी कोरी छत्री मोडून पडलेली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा पंजा धरला, लाकूड मोजावं तसा सुतळीने मोजला आणि मूठ घडवायला बसले. त्यात दुपार झाली. मूठ थोडी वेडीवाकडी झाली आहे, पण माझी बोटं तिच्याभोवती पुरी फिरतात.