भुवईवरचा व्रण

बेर्मेतच्या चेहऱ्यावर काही म्हणून लपत नाही, हे ओश शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. खिम्याचा सामसा खारट झाला असला, तर भट्टीवाल्याला ते तिच्या तोंडाकडे बघून लांबूनच कळायचं. असल्या मुलीने खरं तर दुसरा धंदा बघायला हवा होता, कारण तालाय आकेंच्या, म्हणजे तालायदादांच्या, छपाईच्या स्टुडिओत दिवसभर गिऱ्हाइकांची मर्जी राखावी लागे. नदीकाठच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत बेर्मेतचा कॉम्प्युटर आणि एक खचलेला सोफा, मागच्या खोलीत पडद्याआड छपाईचं मोठं मशीन. मधाच्या बरण्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका असं बारीकसारीक काम असायचं, पण खरी पोटापाण्याची सोय तोईच्या, म्हणजे घरगुती समारंभांच्या, बॅनरवर. कुणाची साठी असो, सत्तरी असो, तोई म्हटला की भिंतभर बॅनर लागायचाच. लोक हनुवटी कमी करून मागत, मागे पळते घोडे मागत आणि गुलाब तर हटकून मागत.

बेर्मेत मान डोलवायची आणि गुलाब एकेक करून गुपचूप उडवायची. त्यांच्या जागी आजीच्या लोकरी नमद्यावरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी यायची, बाजारातल्या वाळल्या जर्दाळूंचा रंग यायचा. तिच्या फोनमध्ये माणसांचे फोटो कमी आणि म्हाताऱ्यांच्या रुमालांचे, रंग उडालेल्या फाटकांचे फोटो जास्त.

"गुलाब मागितले, तू शिंगं दिलीस," तालाय आके म्हणत. "आणि वर खूश होऊन गेले! चेटूक करतेस की काय?"

दुःखाचं कामही तिथेच यायचं, काळी फीत लावलेल्या तसबिरींचं. त्या बाबतीत पोट सुटलेल्या, थट्टेखोर तालाय आकेंचा एकच कडक नियम होता. तोईचं आणि मयताचं काम एकामागोमाग छापायचं नाही, मध्ये हातभर कोरा कागद सोडायचा.

त्या आठवड्यात साबिरा आपांच्या सत्तरीचा बॅनर चालू होता. तोई शनिवारी. मधोमध आपा, भोवती तीन मुलगे, सुना, नातवंडं. धाकटा मिरलान मॉस्कोत इमारतींच्या कामावर होता. त्याने फोनवरून पाठवलेल्या फोटोत डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं.

"ते काढ आणि कलपाक घाल त्याला," आपांनी बजावलं होतं. "पाहुण्यांसमोर काय डोक्यावर बादली पालथी घालून उभा करणार आहेस माझ्या लेकाला?"

बेर्मेतने त्याला पांढरा कलपाक, ती लोकरीची उंच टोपी, घातला, चेहरा साफसूफ केला. पोरगा मोठा देखणा निघाला.

बुधवारी दुपारी आपांचा थोरला मुलगा कुबात एकटाच आला. त्याने बसायला नकार दिला.

"मिरलानची अजून एक तसबीर हवी," तो म्हणाला. "कलपाकातलीच. काळ्या-पांढऱ्यात."

"रंगीत जास्त चांगली दिसेल, आके," बेर्मेत म्हणाली आणि मग त्याच्या डोळ्यांकडे बघून थांबली.

सोमवारी मिरलानच्या पायाखालची परांची कोसळली होती, चौदाव्या मजल्यावरून. शवपेटी शुक्रवारी पहाटेच्या विमानाने यायची होती.

"आईला सांगितलेलं नाही," कुबात म्हणाला. "शुक्रवारी सकाळी सगळी माणसं जमतील, मग थोरले सांगतील. तोवर तिला कळता कामा नये. बॅनर थांबवू नकोस, नाहीतर ती विचारत बसेल."

यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. मरणाची बातमी माणसाच्या अंगावर फेकायची नसते. चार वडीलधाऱ्यांनी यावं, जवळ बसावं, आधी इकडचं तिकडचं बोलावं, हात धरावा आणि मग सांगावं, अशी रीत. बेर्मेतला ती दुसऱ्या कुणापेक्षाही नीट ठाऊक होती, कारण ती तिने मोडलेली होती. सात वर्षांची असताना फाटकापाशी उभ्या काकांचं बोलणं तिने ऐकलं, आणि धावत घरात जाऊन आईला सांगून टाकलं, "बाबा मेले." आई चुलीपाशी एकटी होती. हातातल्या कढईतलं तेल सांडलं, पाय पोळला. तो डाग अजून आईच्या पायावर आहे.

आता पुन्हा तेच तिच्या वाट्याला आलं होतं. त्या घरातली तीस माणसं गप्प राहतील आणि फुटेल ते माझ्याच तोंडावरून, या भीतीने तिला रात्री झोप नाही आणि सकाळी चहा गेला नाही.

"आपा आता येणार नाहीत," तालाय आके गुरुवारी म्हणाले. "बॅनर तयार आहे. ती तसबीर छापून मोकळी हो." त्यांनी स्वतः हातभर कोरा कागद सोडला आणि मशीन चालू केलं. ओळीओळीने छापणारं ते मशीन, तसबिरीला चांगली वीस मिनिटं खायचं.

पाच मिनिटं झाली असतील, दार उघडलं. साबिरा आपा. हातात तळलेल्या बोर्सोकची पुरचुंडी, डोक्यावर नवा रुमाल.

"घ्या, गरम आहेत," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर न बसता बेर्मेतच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "एकदा शेवटचं दाखव गं सगळं."

बेर्मेतने बॅनर उघडला. त्याच्या शेजारीच काळ्या फितीची फाइल होती, बोट जरा घसरलं असतं तरी तीच उघडली असती. तिने दोन्ही हातांनी माऊस धरला.

आपांनी नातवंडं मोजली, सुनांचे दागिने तपासले. मग मिरलानपाशी थांबल्या.

"व्रण कुठाय?"

"कसला व्रण, आपा?"

"इथे, डाव्या भुवईवर. तू पुसलास वाटतं? शेजाऱ्याच्या गाढवावरून पडला होता, सहा वर्षांचा असताना. मार बसेल म्हणून तीन दिवस कलपाक असा खाली ओढून हिंडला, लबाड! घरात मी सोडून कुणाला आठवतही नसेल. कलपाक थोडा वर घे, दिसू दे."

बेर्मेतने कलपाक वर घेतला. आपा बोट लावून दाखवत होत्या, अजून जरा लांब, अजून जरा वाकडा, आणि ती व्रण काढत होती. नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

"चार दिवस फोन नाही त्याचा," आपा म्हणाल्या. "कुबात म्हणतो, फोन बिघडला असेल. दुसऱ्या कुणाचा घेऊन करायला काय होतं? मला वाटतं, तो न सांगता येतोय तोईला. म्हणून घरात सगळे माझ्याकडे बघून गप्प होतात. काल सूनबाई मला बघून न्हाणीघरात पळाली! मला काय, कळत नाही होय?"

आणि त्या हसल्या. तेवढ्यात त्यांचा कान पडद्याकडे गेला.

"माझंच छापतंय ना ते? बघू तरी."

त्या उठल्या. बेर्मेत त्यांच्या आधी उठली आणि पडद्याला पाठ लावून उभी राहिली. मागे मशीन खर्र-खर्र करत मिरलानचा चेहरा बाहेर ढकलत होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, शाई ओली आहे, आत पसारा आहे, काहीही.

"अगं, काय झालं?" आपा जवळ आल्या. "तोंड असं पांढरंफटक का पडलंय? पोरी, काय लपवतेस माझ्यापासून?"

झालं. आता आपण सांगणार, हे बेर्मेतला कळून चुकलं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "माझे बाबा गेले तेव्हा मीच आईला सांगितलं, आपा. मोठ्यांनी सांगायच्या आधी. आई एकटी होती." आणि ती हमसून हमसून रडायला लागली. त्यात खोटा एकही शब्द नव्हता, पण अश्रू दुसऱ्याच माणसासाठी होते.

आपांनी तिला पोटाशी घेतलं. त्या उभ्या उभ्या तिची पाठ चोळत राहिल्या.

"वेडी! आज आठवलं का ते? तू एवढीशी होतीस. आणि तुझ्या आईला पोटच्या पोरीकडून कळलं, परक्याकडून नाही. यात वाईट काय झालं? रड, रड. माझ्यापाशी रड."

पडद्यामागचं मशीन एकदम बंद पडलं. तालाय आके किटली घेऊन बाहेर आले, कपाळावर घाम. "कागद अडकला, आपा. ही मशीनं म्हणजे सासूपेक्षा हट्टी. चहा घ्या."

चहा झाला, बोर्सोक झाले. आपा गेल्यावर अर्धवट तसबीर आकेंनी गुंडाळून ठेवली. बेर्मेतने काळ्या फितीच्या फाइलीत कलपाक वर घेतला, व्रण काढला, थोडा लांब, थोडा वाकडा. संध्याकाळी कुबात येऊन नवी तसबीर घेऊन गेला. व्रणाकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती दोघं साबिरा आपांच्या घरी गेली. अंगणात मयतासाठी राखाडी नमद्याचं तंबूघर उभारलेलं, बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून मोठ्याने रडत होते. दाराशी टेबलावर तसबीर होती. आत बायकांमध्ये आपा भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आवाज पार बसलेला. नवा रुमाल कुणीतरी काढून काळा बांधला होता.

रीतीप्रमाणे बेर्मेत गुडघ्यांवर बसली आणि आपांच्या गळ्यात पडली. त्यांनी तिला ओळखलं. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून समोर आणला आणि बघत राहिल्या.

"तसबिरीत व्रण आहे," आपा म्हणाल्या. "तो मी तुलाच दाखवला होता."

बेर्मेतने मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण आपांनी चेहरा सोडला नाही.

"काल तू माझ्या मिरलानसाठी रडत होतीस. आणि समजूत मी तुझी काढत होते."

"हो, आपा."

"मग आता माझी काढ," साबिरा आपा म्हणाल्या आणि त्यांनी डोकं तिच्या खांद्यावर टाकलं.