दहावा माणूस

इस्रायलहून चुलतभावाचा फोन आला की माझ्या मनात पहिला विचार येतो, आता याला काय हवंय? तिकडे गेल्यापासून तो भलताच सोवळा झालाय. इथे होता तेव्हा शब्बाथला, शनिवारच्या पवित्र दिवशी, क्रिकेट खेळायचा.

बाबांना जाऊन वर्ष होत होतं. मूल गावच्या राइस मिलमध्ये फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. गावात यहुदी घर आमचं एकटंच, तेही लोक ख्रिश्चनांचं समजतात. मृतासाठी कादीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात. ते इथे आणायचे कुठून? बाबा कादीशविनाच गेले, आणि आईला ते वर्षभर खात होतं.

"व्हिडिओ कॉलवर दहा जण जमवतो, कादीश मी म्हणतो," चुलतभाऊ म्हणाला. "जमाना बदललाय, आता चालतं."

मला संशय आला. एवढी धडपड हा उगाच करणार नाही. उद्या 'घर विका आणि इकडे या' सुरू होईल. आईला मात्र त्याला नाही म्हणवेना.

वर्ष भरलं त्या संध्याकाळी तिने डोक्यावर पदर घेतला, फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि चष्मा लावून एकेक चेहरा निरखला. चुलतभाऊ धरून नऊ. दहाव्या जागी नुसता काळा चौकोन.

"हा कोन हाये?"

"आहेत ते, काकी. कॅमेरा बंद आहे फक्त."

"भाऊ, हाये का तुमी?" आईने विचारलं. उत्तर नाही. "दिसत नाई, बोलत नाई, त्याले तू मोजून राह्यला. अन् माही पोरगी इथी बसून हाये, तिले काऊन नाई?"

"बाया मोजत नाहीत, काकी."

मला भयंकर राग आला. तेवढ्यात काळा चौकोन गायब झाला. चुलतभावाने त्या माणसाला फोन लावून पाहिला, त्याने उचलला नाही.

"आज राहू द्या मग," तो म्हणाला.

आईने देवनागरीत उतरवलेली कादीश माझ्या हातात दिली आणि मला फोनसमोर ओढलं. "झाले दहा. बोल."

मी पहिली ओळ वाचली. मग एक म्हातारे गृहस्थ 'आमेन' म्हणाले, त्यांच्यामागून बाकीचे. चुलतभाऊ तेवढा तोंड मिटून बसला होता.

मी थांबले. त्याला वगळलं तर पुन्हा नऊच.

"थांबू नोको," आई म्हणाली. "त्याच्या जागी मी हाये."