इनेझसाठी मिस्सा

माणिकपुरात माझं शिवणाचं दुकान छत्तीस वर्षं चाललं. निम्मं कात्रीवर आणि निम्मं कानांवर. मापं घेताना बायका फार बोलतात. माझ्या तोंडात टाचण्या असायच्या, म्हणून त्यांना वाटायचं, बॅप्टिस्ट किती गरीब माणूस, ब्र काढत नाही. टाचण्या काढल्यावर मी काय काय काढायचो ते चर्चच्या पायरीपासून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाच्या लग्नाचा कोट उसना होता आणि कोणाच्या नवरीचं वय दोन वर्षांनी खाली उतरवलं होतं, हे आजही विचारा. सांगेन. पण सॅन्टन तुस्कानोची गोष्ट मी आजवर एकदाच सुरुवातीपासून नीट सांगितली. त्याआधी जी सांगितली ती खोटी होती.

सॅन्टन मुंबईला फोर्टातल्या एका इंग्रजी थेटरात डोअरकीपर होता. हातात बॅटरी, अंगात मी शिवलेला खाकी कोट. लोकांना अंधारात खुर्ची दाखवायची आणि मग दाराशी उभं राहायचं. एकेक पिक्चर हा माणूस चाळीस-चाळीस वेळा बघायचा. जुने अमेरिकन पिक्चर दुपारच्या खेळाला पुन्हा पुन्हा लागत, तेही सगळे त्याला पाठ.

"बॅप्टिस्ट, पहिल्या वेळी हिरो दिसतो," तो माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून सांगायचा. "पाचव्या वेळी हिरोचा कंटाळा येतो. दहाव्या वेळी त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसायला लागतो."

"आणि चाळिसाव्या वेळी?"

"चाळिसाव्या वेळी फक्त तोच दिसतो."

या मागच्या माणसांची त्याने एक वही केली होती. हॉटेलातला कारकून, दारू ओतणारा, तुरुंगाचा शिपाई, मोलकरीण, नर्स, पहिल्या गोळीला मरणारा मित्र. पिक्चर संपला की लोक उठतात, आणि नावं नेमकी तेव्हा पडद्यावर येतात. सॅन्टन दार उघडून धरायचा आणि लोकांच्या डोक्यांवरून ती नावं वाचायचा. मग मराठीत, सुबक अक्षरात लिहायचा: अमुक पिक्चरात हा टोपी कशी काढतो, तमुक पिक्चरात त्याने मरताना डोळे का उघडे ठेवले.

त्यातली त्याची लाडकी होती इनेझ क्रॉली. दार उघडणारी बाई. कुठल्याही पिक्चरात घंटी वाजली की ही दार उघडणार, "साहेब घरी नाहीत" म्हणणार आणि जाणार.

"एका पिक्चरात मालकिणीला तार येते," तो सांगत होता. "ती वाचते, रडते. सगळं थेटर तिच्याबरोबर नाक पुसतं. इनेझ मागे ट्रे घेऊन उभी. ती काय करते, सांग."

"तीही रडते."

"हॅट! कपाच्या बशीत चमचा असतो. तो वाजू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरते. मालकिणीचं रडणं होईस्तोवर. कोणी सांगितलं असेल तिला हे?"

"पगार देणाऱ्याने."

"कोणी सांगितलेलं नाही. तिचं तिने केलं," सॅन्टन म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी चर्चमध्ये बिडी ओढली.

मी त्याची नक्कल करायचो. गिऱ्हाइकांसमोर टेपचा ट्रे करून अंगठ्याने हवेतला चमचा दाबायचो. लोक हसायचे. सॅन्टनही हसायचा.

सत्त्याहत्तर साली त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. फेब्रुवारीत चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायचा, मग अंगणात मांडव आणि जेवण, असं ठरलं होतं. त्याचा काळा कोट मी शिवायला घेतला होता. जानेवारीतल्या एका गुरुवारी तो मापाला आला तेव्हा उदास होता. थेटराबाहेरच्या रद्दीवाल्याकडे जुनं इंग्रजी मासिक चाळताना त्याला इनेझ क्रॉली वारल्याचं कळलं होतं. तीन ओळींत. मरूनही दीड वर्ष झालं होतं.

"तीन ओळी, बॅप्टिस्ट. त्यात दोन पिक्चरांची नावं चुकीची."

वही त्याने माझ्यासमोर ठेवली. कोपरे झिजले होते, खाकीच्या उरलेल्या तुकड्याचं कव्हर शिवून हवं होतं. "रविवारची मिस्सा मी तिच्या नावाने सांगितलीय," जाता जाता म्हणाला. "तिच्या माणसांनी सांगितली की नाही कोण जाणे."

आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, कोणासाठी आहे ते फादर आधी वाचून दाखवतात. त्या रविवारी फादरनी वाचलं, "दिवंगत इनेझ हिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, सॅन्टन तुस्कानो यांच्याकडून." आडनाव त्यांनी का गाळलं, देव जाणे. अख्खं चर्च खोकलं. इनेझ नावाच्या आमच्याकडे चार बायका, चारही धडधाकट, त्यातली एक दुसऱ्याच बाकावर बसलेली. क्लेमेंटीनची, म्हणजे सॅन्टनच्या बायकोची मान मला मागून दिसत होती. ती हलली नाही.

बाहेर पायऱ्यांवर सालोमीने मला गाठलं. सालोमी म्हणजे गावाचं दुसरं वर्तमानपत्र. पहिलं मी.

"काय रे, कोण ही इनेझ?"

आता एवढंच म्हणायचं होतं, की बये, पिक्चरमधली मोलकरीण आहे, अमेरिकेची. एका वाक्यात संपलं असतं. पण सालोमीचे डोळे असे चमकत होते, भोवती आणखी तीन-चार जणी सरकल्या होत्या, आणि मला मोह झाला.

"मला नको विचारूस, सालोमी," मी आवाज उतरवून म्हटलं. "पुरुषाची गोष्ट पुरुषाने झाकावी."

"म्हणजे मुंबईची?"

मी आकाशाकडे बघितलं. बस्स. त्यापुढचं सगळं त्यांनी रचलं. दुपारपर्यंत इनेझला गिरगावात खोली मिळाली, संध्याकाळपर्यंत एक मुलगा झाला.

सोमवारी सकाळी सॅन्टन दुकानात आला. दाढी केलेली नव्हती.

"वही दे. क्लेमेंटीन ऐकत नाही. तिला वाचायला देतो, म्हणजे कळेल."

कव्हर शनिवारीच शिवून झालं होतं. वही मशीनच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर.

"झालं नाही रे अजून," मी म्हटलं. "बुधवारी ये."

का म्हटलं? मजा आणखी दोन दिवस चालावी म्हणून. दुसरं कारण मी बरंच शोधलं, सापडलं नाही. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तशीच दे. कव्हर नंतर घाल." मी म्हटलं, "टाके अर्धे घातलेत, उसवतील." तो उठून गेला.

मंगळवारी क्लेमेंटीन माहेरी राजोडीला निघून गेली. बुधवारी सॅन्टन आला नाही. त्याचा काळा कोट माझ्या भिंतीवर बाह्या लोंबकळत टांगलेला होता, आणि आशीर्वादाला तीन आठवडे उरले होते. गावात पैजा लागल्या, बायको येते की नाही. माझी पहिल्यांदाच जीभ उचलेना. आठवडाभर असाच काढला आणि मग वही पिशवीत घालून राजोडीला गेलो.

क्लेमेंटीन भावाच्या ओट्यावर वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. आकाशाकडे बघितलं तेही. तिने हात पुसले, वही घेतली आणि इनेझचं पान काढून हळूहळू वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, प्रत्येक अक्षराला थांबत होती. मला वाटलं, आता हसेल, मला दोन शिव्या घालील आणि घरी यायला पिशवी भरील.

"चमचा," ती म्हणाली.

"हो वहिनी. तो नेहमी सांगतो."

"बॅप्टिस्टभाऊ, शेवटचा खेळ करून येतो म्हणून सकाळी तो उशिरा उठतो. पंचवीस वर्षं मी विहिरीवरून आणलेला हंडा फडक्यावर ठेवते. वाजू नये म्हणून." तिने वही मिटली. "ते ह्यात कुठे लिहिलंय?"

गावाने रचलेली बाई खोटी होती, ती मी मिटवायला गेलो होतो. आणि तिच्या जागी खरीखुरी ठेवून आलो.

"मी येईन," ती म्हणाली. "पाहुण्यांना सांगून झालंय. वही माझ्याकडे राहू दे. त्याला हवी असेल तर तो मागेल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

ती आली. दोघं चर्चमध्ये अल्तारासमोर, वेदीपाशी उभी राहिली. कोट त्याला खांद्यावर सैल झाला होता, तीन आठवड्यांत माणूस इतका उतरला होता. मांडवात सालोमीने सगळ्यांत जास्त जेवण केलं.

सॅन्टनने मला वहीबद्दल एकदाच विचारलं. "हरवली," मी म्हटलं. तो म्हणाला, "असू दे." त्याला वाटलं, माझ्या हातून हरवली. बायकोकडे तो कशाला मागेल? आणि तो मागत नाही म्हणून ती देईना. नऊ वर्षं वही त्याच्याच घरात, तिच्या लुगड्यांच्या पेटीत होती. मधला मी, दोन्हीकडचं जाणणारा. जन्मभर कोणाचं काही पोटात राहिलं नाही, आणि ही एक गोष्ट मात्र राहिली.

त्याने नवी वही केली नाही. नंतर गावात टीव्ही आले, कधी जुना इंग्रजी पिक्चर लागायचा. मी मुद्दाम त्याला बोलवायचो. "सॅन्टन, तो मागचा कोण रे?" "कोण जाणे," तो म्हणायचा आणि नावं यायच्या आत उठून चपला घालायचा. तो, जो शेवटच्या नावापर्यंत दार धरून उभा राहायचा.

श्याऐंशीच्या पावसाळ्यात तो गेला. वर्ष झाल्यावर मी फादरकडे जाऊन एक मिस्सा सांगितली. फादर नवे होते. त्यांनी वाचलं, "सॅन्टन आणि इनेझ यांच्या आत्म्यांसाठी, बॅप्टिस्ट यांच्याकडून." पुन्हा खोकला. या वेळी माना माझ्याकडे वळल्या.

बाहेर क्लेमेंटीन माझ्यासाठी थांबली होती.

"आडनाव राहिलं," ती म्हणाली. "क्रॉली."

"वहिनी, वही तुमच्याकडे आहे हे मी त्याला सांगायला हवं होतं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या आता, दोष माझाही होता. इतक्या वर्षांनी माणसं असं म्हणतात.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." आणि छत्री टेकत गेली.

मागे सालोमी उभीच होती. दात पडले होते, डोळे तसेच.

"ह्या वयात, बॅप्टिस्ट? तूसुद्धा? कोण होती ती, खरं सांग."

मी खरं सांगितलं. तिथेच पायरीवर बसून, सुरुवातीपासून: थेटर, वही, तार, ट्रे, बशीतला चमचा, मशीनचा खण. एकही मीठमिरची नाही. अंगठ्याने चमचा दाबूनही दाखवला, या वेळी नक्कल म्हणून नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, पदर सावरला आणि उठली.

"एवढंच होय?" ती म्हणाली.

आणि ती हे कोणालाही सांगायला गेली नाही.